चमचाभर जास्तीचा हिराकस

आईच्या चित्रातल्या डाव्या डोळ्याला भोक पडलंय, हे मला गेल्या दसऱ्याच्या आवराआवरीत कळलं. फ्रेमची काच पुसताना आतून काहीतरी काळपट भुरभुरलं. वाटलं, वाळवी. जुन्नरच्या माझ्या घराच्या त्या भिंतीला पावसाळाभर ओल येते, पलीकडे न्हाणीघर आहे, त्यामुळे वाळवीवर संशय घेणं सोपं होतं. फ्रेम पालथी केली, मागचे बारीक खिळे उपटले, पुठ्ठा उचलला. वाळवी नव्हती. कागदाच्या मागच्या बाजूला आईचा चेहरा तपकिरी होऊन उमटला होता, आणि डाव्या डोळ्याच्या जागी बाजरीच्या दाण्याएवढं भोक होतं. उजव्या डोळ्याभोवती बारीक चिरा. मी बोट लावलं, तर त्या बुबुळाचा एक कण बोटाला चिकटून आला. मी अशी काही ओरडले की शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला म्हटलं, विंचू होता, गेला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. सफरचंद, सुरई आणि पडद्याची घडी, वर्षाचे बारा महिने. याखेरीज मी स्वतःची चित्रं काढते, आणि पुण्यातल्या थोड्याफार लोकांना मी ‘हिरड्याच्या शाईवाल्या बाई’ म्हणून ठाऊक आहे. विकतचा काळा रंग मी वीस वर्षांत वापरलेला नव्हता. शाई मी स्वतः करायची, हिरड्याची, आणि बोरूनं चित्र काढायची. याचं लोकांना फार कौतुक. चित्र बाजूला ठेवून आधी शाईबद्दल विचारतात. मीही सांगत आले, आणि सांगताना दर वेळी थोडं जास्तच सांगत आले.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. भात, नाचणी, वरई, आणि हिरडा. हिरडा लावावा लागत नाही, तो रानात असतोच. पण कुठलं झाड कुठल्या घराचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ते कागदावर कुठं नाही, सगळं डोक्यात. दुसऱ्याच्या झाडाला कुणी हात लावत नाही, आणि लावलाच तर दोन्ही घरांतलं बोलणं नातवंडांपर्यंत बंद. आमची अकरा झाडं. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून ती अकराही आईची. भातावर ती राबायची, पण जीव हिरड्यावर. तिनं प्रत्येक झाडाला नाव दिलं होतं. एक ‘भांडकुदळ’, कारण त्याच्यावर चढताना ओरखडा निघाल्याशिवाय राहायचा नाही. एक ‘सासू’, कारण भरपूर द्यायचं पण सगळं वरच्या फांद्यांना. हंगाम नसतानाही ती त्यांच्याकडे जाऊन यायची. जळणाला जाते म्हणायची आणि मोकळ्या हातानं परत यायची. विचारलं तर म्हणायची, “जाऊन आले जरा, बरी हाईत ना बघून आले.” आम्हाला ताप आला तर एवढी विचारपूस होत नसे, असं मी ताईला म्हणायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, ती नुसती हसायची.

मला मात्र हिरड्याचा वैताग होता. हे मी प्रदर्शनात कधी बोलले नाही, इथं बोलते. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे इतरांना मामाचं गाव, आम्हाला बाळहिरडा, कोवळा असतानाच झोडायचा हिरडा. आई झाडावर चढून काठीनं झोडायची, आम्ही खाली वेचायचं, मग ते कातळावर वाळत घालायचं, गुरं हाकायची. हिरवा हिरडा विळ्यानं चिरला की त्याचा रस लोखंडाला लागून काळा होतो आणि बोटांत मुरतो. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातो. शाळा सुरू झाली की गुरुजी हात पुढे करायला सांगायचे आणि मला अंगठे धरून उभं करायचे. घाण हात म्हणून. आईनं एकदा शाळेत येऊन गुरुजींना आपले हात दाखवले होते. “मला बी उभी करा मग,” म्हणाली. त्यानंतर मला उभं राहावं लागलं नाही, पण लाज गेली नाही ती नाहीच.

पुण्याला चित्रकला शिकायला गेले तेव्हा सगळे काढत तेच मी काढायची. घाट, देवळाच्या पायऱ्या, पाण्यात पडलेली सावली. आमचे एक सर होते, ते चित्र बघून नुसते ‘हं’ म्हणायचे. एकदा म्हणाले, “हे सगळं नीट आहे, पण यात तुझं काय आहे? तुझा जीव कशात अडकलाय ते काढ.” मी वसतिगृहावर येऊन चार दिवस विचार केला. माझा जीव कशातच अडकलेला नव्हता. मला नोकरी हवी होती, पुण्यात किंवा निदान जुन्नरात, आणि हात पांढरे हवे होते. सुट्टीत घरी गेले तर आई ओट्यावर हिरडा चिरत बसलेली, मांडीवर लुगड्याला काळे डाग. माझ्या वहीवर तिच्या विळ्यावरून एक थेंब उडाला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो थेंब विकतच्या कुठल्याही शाईपेक्षा काळा झाला होता. जीव अडकलेला मिळाला मला. माझा नव्हता, तिचा होता. पण सरांना काय कळणार होतं?

तिथून सुरू झालं. हिरडा भिजत घालायचा, लोखंडी कढईत उकळायचा, जुन्या धोतरातून गाळायचा. मग हिराकस घालायचा. काष्ठौषधींच्या दुकानात हिरवट खडे मिळतात, ते. त्यानं शाई काळी होते. शेवटी बाभळीचा डिंक. ही शाई ताजी असताना पातळ चहासारखी फिकी असते. कागदावर ओढलेली रेघ त्या दिवशी नीट दिसतही नाही, हवा लागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी पडते. हिरड्याच्या शाईनं काम करायचं म्हणजे आज काढलेलं उद्या दिसेल, एवढा धीर लागतो. मी त्या शाईनं आईची झाडं काढली, तिची काठी, तिच्या टोपल्या, कातळावर वाळत घातलेला हिरडा. चित्रं चालली. लोक म्हणाले, केवढी आपल्या मातीची ओढ! मी मान खाली घालून ‘हो’ म्हणायची. मला ती ओढ हळूहळू खरीही वाटू लागली, हे कबूल करते. दहा वेळा सांगितलेलं अकराव्या वेळी आपल्यालाच पटतं.

आई एकदाच प्रदर्शनाला आली. ताई घेऊन आली होती तिला, दोन एसट्या बदलून. भिंतीभर हिरडा आणि समोर माणसांची गर्दी बघून ती ताईच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “एवढ्या माणसांस्नी खोकला झालाय का काय?” लोक पोट धरून हसले. मी पण हसले, पण मला राग आला होता. तिनं एकेका झाडापाशी उभं राहून नाव सांगितलं. अकराच्या अकरा ओळखली. एका झाडापाशी म्हणाली, “हिची ही फांदी दोन वर्षांमागं मोडली, तू आली न्हाईस ना बघायला.” आणि खरंच, मी दोन वर्षं त्या झाडाकडे फिरकले नव्हते. आठवणीतून काढलं होतं.

साठी ओलांडल्यावर ती ‘सासू’वरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सळई घातली, पण डोंगर सुटला. ताईचं सासर त्याच गावात, वरच्या वाडीला, तिथं चढण. मग मीच तिला जुन्नरला आणलं. माझं लग्न झालेलं नाही, दोन खोल्या, दोघींना पुरेशा. सकाळी मी शाळेत जायचे, ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची. खाली बाजाराची गल्ली, मोटरसायकलींचे आवाज. तिला ते आवडायचं नाही, पण ती कुरकुर करणारी बाई नव्हती. तिनं फक्त एकदा विचारलं, “इथून डोंगर दिसतो म्हनतीस, तो कुठल्या बाजूला?” मी बोट दाखवलं. शिवनेरी समोर दिसत होता, भिंतीसारखा. तिला तो दिसत नव्हता. तेव्हा मला कळलं की तिचे दोन्ही डोळे गेलेत.

मोतीबिंदू. एक पूर्ण पिकलेला, दुसरा अर्ध्यावर. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. अर्ध्या तासाचं काम, दोन दिवसांत चांगलं दिसेल. तारीखही दिली, फेब्रुवारीतली. आई इतकी खूश झाली की तिनं ताईला फोन लावायला सांगितला आणि म्हणाली, “होळीला येते मी, झाडं बघायला. तू डोलीची सोय कर.” आंधळेपणाची तिला तक्रार नव्हती, तिची अडचण एवढीच की झाडं बघता येत नव्हती. ताई बिचारी फोनवर झाडांचं सांगायची, कुठल्याला बहर किती, कुठल्यावर वानरं आली.

त्याच फेब्रुवारीत माझं पुण्याला प्रदर्शन ठरलं. आजवरचं सगळ्यात मोठं. झाडं झाली, टोपल्या झाल्या, आता माणूस हवं होतं. मी आईला म्हटलं, तुला काढते. ती बसली. चार दुपारी, शाळा सुटल्यावर. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर, मांडीवर हात. तिनं आयुष्यात कधी रिकामे हात ठेवले नसतील, म्हणून तिला कसंतरी होत होतं. शेवटी मी तिच्या ओंजळीत मूठभर हिरडा दिला, मग बसली. सारखं विचारायची, “झालं का? बघू.” मी कागद तिच्या नाकाशी धरायची. ती मान तिरकी करून, त्या अर्ध्या डोळ्यानं, उजेडाकडे तोंड करून बघायची.

“कुठंय? कोरा कागद दावतीस व्हय मला?”

शाई फिकी होती. उद्या काळी होईल म्हटलं. पण उद्याही तिला दिसलं नाही, तिच्या डोळ्यांना तेवढा काळा पुरत नव्हता. तिचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मला बघवेना, म्हणून मी शाईत हिराकस वाढवला. चमचाभर. परत दाखवलं. “न्हाई दिसत गं.” आणखी एक चमचा. डोळ्यांवरून, भुवयांवरून तीच रेघ परत परत गिरवली, दाट केली, कारण चेहऱ्यात माणूस आधी डोळे शोधतं. चौथ्या दुपारी तिनं कागद हातात धरला आणि म्हणाली, “हां. आता कायतरी काळं काळं दिसतंय.” बस, एवढंच म्हणाली. मला एवढं पुरलं. त्या चित्राइतकं चांगलं मी आधी काही काढलं नव्हतं, नंतरही नाही.

प्रदर्शन आणि ऑपरेशन एकाच आठवड्यात येत होतं. मी तारीख पुढे ढकलली. आई म्हणाली, “चालंल की, तुझं काम हाय.” ती असंच म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून तर विचारलं. प्रदर्शन झालं, तोवर मार्च. ऊन तापलं. आमच्याकडे सगळे म्हणतात, उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये, घाम जातो, डोळा नासतो. डॉक्टर म्हणाले तसं काही नसतं, पण मलाही शाळेच्या परीक्षा होत्या, तेव्हा ते ‘सगळे म्हणतात’ मला सोयीचं पडलं. मग पावसाळा आला. ओलीत जखम भरत नाही म्हणतात. मग गणपती, नवरात्र. थंडीत करू, थंडीच चांगली. दिवाळी झाली. मार्गशीर्षात तिला ताप भरला, छातीत कफ झाला आणि सहा दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे बघून ताईला हाक मारत होती. मी “ताई नाही, मी” म्हटलं नाही. हातात हात दिला आणि ताईच्या आवाजात ‘हं’ म्हणाले.

याला आठ वर्षं झाली. त्या आठ वर्षांत हे चित्र पाच ठिकाणी लागलं, आणि पाचही ठिकाणी मी एकच गोष्ट सांगितली. की चित्र पुरं झाल्यावर आईनं ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ही मीच. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मोतीबिंदूचं मी कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशनचं तर नाहीच नाही. कलाकारानं आपलं आतलं वेड कामात ओतावं लागतं, असंही मी म्हणत असे, एकदा तर माइकवर म्हणाले. कुणाचं वेड आणि कुणाचे डोळे, हे विचारणारं कुणी सभेत नव्हतं.

ताईनं चित्र मागितलं होतं, आई गेली त्याच वर्षी. तिच्याकडे आईचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, त्यात आई चोरी पकडल्यासारखी दिसते. मी ताईला म्हणायचे, देते, एवढं प्रदर्शन होऊ दे. पुढच्या वर्षी म्हणायचे, तुझ्याकडे चुलीचा धूर, चित्र खराब होईल. ताई एकाच शब्दात उत्तर द्यायची, “बरं.” यंदा तिनं स्लॅबची खोली बांधली, धूर नसलेली, आणि फोन केला. म्हणाली, “आईच्या तिथीला चित्र आण. भिंत मोकळी ठेवलीय, कॅलेंडर बी लावलं न्हाई.” हा फोन आला दसऱ्याच्या आधी आठ दिवस. मी हो म्हणाले होते. म्हणूनच काच पुसायला घेतली होती.

पुण्यात जुन्या पोथ्या दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे चित्र घेऊन गेले, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, एसटीत मांडीवर आडवं धरून. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हिराकस किती घातला होता?” मी म्हटलं, अंदाजानं. त्या रागावल्या नाहीत. हिराकस जास्त झाला की शाईत आम्ल उरतं, ते वर्षानुवर्षं कागद खात राहतं, ओल मिळाली की भराभर खातं, असं त्यांनी समजावलं. जिथं शाई सगळ्यात दाट, तिथं आधी. म्हणून डोळे. पाण्यानं धुवून आम्ल काढता येतं, पण हा कागद पाण्यात घातला तर डोळ्यांचा भाग गळून पडेल. “हे आता टांगू नका,” त्या म्हणाल्या. “आडवं ठेवा, कोरड्या जागी, बंद पेटीत. तसं राहिलं तर बरीच वर्षं टिकेल. डोंगरात नेलंत तर दोन-तीन पावसाळे.”

माझी झाडंही तपासून घेतली. ती सगळी धड आहेत. त्यांत हिराकस बेताचा होता.

घरी आल्यावर मी जी गोष्ट वीस वर्षांत केली नव्हती ती केली. दुकानातून काळ्या शाईची बाटली आणली, चांगला जाड कागद आणला, खिडकीच्या काचेवर जुनं चित्र ठेवून त्यावर नवा कागद धरला आणि रेघ न्‌ रेघ उतरवून घेतली. बारा दिवस लागले. डोळे दोन्ही शाबूत काढले. खोटं बोलायची सवय झालेली असली की हातही थरथरत नाही. नवीन फ्रेम केली. मनात म्हटलं, ताईला काय कळणार? मग जुनं चित्र पेटीत ठेवायच्या ऐवजी पुठ्ठ्यांत घालून त्याच पिशवीत का घातलं, ते मला सांगता येणार नाही.

तिथीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. घोडेगावला गाडी बदलली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजव्या हाताला लांबवर दिसत होतं. गाडीतल्या एका म्हातारबाबांनी विचारलं, “कुनाकडं, पावणं?” मी माझ्याच गावात पाहुणी झाले होते, आणि तेही चुकीचं नव्हतं. ताई ओट्यावर बसली होती. मोठ्या हिरड्याचा हंगाम, समोर ढीग, हातात विळा, हात कोपरापर्यंत म्हणता येईल इतके काळे. पन्नाशी ओलांडलीय तिनं. आता अकरा झाडं तीच बघते. आईला खांदा देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकेका झाडापाशी जाऊन आई गेल्याचं सांगून आली होती. मला हे वर्षभरानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

तिनं हात पदराला पुसले, फ्रेम घेतली, उजेडाला धरली. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला झाले. मग तिनं आपली तर्जनी काचेवर टेकवली, आईच्या केसांवर, आणि एकदा बोटाकडे, एकदा केसांकडे बघितलं.

“हा हिरड्याचा काळा न्हाई,” ती म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“हिरड्याचा काळा असा न्हाई ऱ्हात, आतनं तांबूस व्हतो. हे बघ की माझं बोट. ह्यो निळा हाय.” मग तिनं वर बघितलं. आवाज चढवला नाही. “खरं चित्र कुठंय?”

मी पिशवीतून पुठ्ठे काढले. तिच्या मांडीवर आडवे ठेवले आणि वरचा उचलला. भोक आता ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं, एसटीच्या हादऱ्यांनी उजव्या डोळ्याचाही एक तुकडा सुटून गालावर पडला होता. ताईनं तो श्वासानं उडू नये म्हणून तोंडावर पदर धरला.

“काय झालं गं हे?”

मी सांगितलं. हिराकस, आम्ल, ओल. तिला हिराकस माहीत होता, गुरांच्या जखमेला लावतात.

“मग डोळ्यातच कसं?”

“तिथं शाई जास्त काळी केली होती.”

“इतकी काळी कशापायी केलीस?”

“तिला दिसावी म्हणून.”

ताईनं चित्रावरची नजर काढली नाही. “मग दिसली का?”

पाच सभांत सांगितलेली गोष्ट माझ्या जिभेवर तयार होती. ती आलीच असती बाहेर. पण ताईच्या काळ्या बोटांकडे बघत मी म्हणाले, “न्हाई.” आणि मग थांबता येईना. तारखेचं सांगितलं, प्रदर्शनाचं सांगितलं, उन्हाळ्याचं, पावसाळ्याचं, थंडीचं. होळीला आई झाडं बघायला येणार होती ती माझ्यामुळं आली नाही, हे सांगितलं. एखादं पोर रडत सांगतं तसं नाकात बोलत सांगितलं. आता ताई मला ओट्यावरून खाली उतर म्हणेल, असं वाटत होतं. म्हणायला हवं होतं.

ताई म्हणाली, “मला ठावं हाय. मी पंचमीला जुन्नरला आले व्हते, तू साळंत गेली व्हतीस. आयनं मला चित्र भिंतीवरनं काढाया लावलं. म्हनली, मला कायबी दिसत न्हाई, तिला सांगू नगस. तू बघ आन्‌ मला सांग.” तिनं तो सुटलेला तुकडा नखानं हळूच उचलून आपल्या जागी ठेवला. तो राहिला नाही, परत घसरला. “तिनं एकच इचारलं. मी हासतीया का गं त्यात? मी म्हनले, हासतीस आये. लई हासतीस.”

आम्ही दोघींनी चित्राकडे बघितलं. आईचं तोंड त्यात घट्ट मिटलेलं आहे, ओठांची एकच सरळ रेघ आहे. त्या चारही दुपारी ती हसत होती, कुणी आपल्याला एवढं निरखून बघतंय याची लाज वाटून सारखी हसत होती, आणि मी दर वेळी बोरू आपटून तिला म्हणत होते, हसू नकोस आई, रेघ बिघडते.